जॉर्जियातली ६२ एकर आणि १८७० ची भिंत : दक्षिणेतल्या खेड्यांत वंशावळ शोधलेल्यांनी इकडे या

ओंजळ
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

माहेर सांगली, मुक्काम अटलांटा. नवरा इथलाच, काळा अमेरिकन. त्याचं आजोळ हॅनकॉक काउंटीत, स्पार्टा गावाजवळ. (हो, नाव ग्रीकच. जॉर्जियात अथेन्स आणि रोमही आहेत, दक्षिणेतल्या लोकांची हौस.) इथून पूर्वेला दोनेक तास. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका समजा. जॉर्जियात अशा १५९ आहेत. अख्ख्या हॅनकॉकची वस्ती साडेआठ हजारांच्या आसपास. लाल माती, पाइनचं रान, मधूनच एखादं पांढरं चर्च.

विषय निघाला जमिनीवरून. सासूबाईंच्या पणजोबांनी १९०९ साली तिथे ६२ एकर घेतली. १९३१ ला ते गेले, मृत्युपत्र केलेलं नाही. कराचं बिल आजही त्यांच्याच नावाने येतं, पुढे फक्त 'वारस' असं जोडलेलं. मामेसासरे दरवर्षी मुकाट भरतात. सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचं नाव तीन-तीन पिढ्या कसं राहतं हे तुम्हाला समजावून सांगायला नको. आता लेक सिंक्लेअर तलावाच्या बाजूने बंगलेवाले आत सरकायला लागलेत, आणि फिलाडेल्फियातल्या एका चुलत-चुलत भावाने आपला हिस्सा परस्पर एका कंपनीला विकून टाकला. वकील म्हणाले, आधी वारसांचं झाड काढा, कागदांसकट.

झाड काढायला बसले ती मागेच सरकत गेले. कुठे काय मिळतं ते सांगते, कुणाच्या उपयोगी पडेल.

जॉर्जियात मृत्यूची राज्यभर नोंद १९१९ पासून. ते बरेचसे दाखले राज्य अभिलेखागाराच्या 'व्हर्च्युअल व्हॉल्ट'वर फुकट दिसतात. त्याआधीचं हवं तर काउंटीच्या वह्या: लग्नं, मृत्युपत्रं आणि वारसाची प्रकरणं प्रोबेट कोर्टात, खरेदीखतं सुपीरियर कोर्टाच्या क्लार्ककडे. लग्नाच्या वह्या गोऱ्यांच्या वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या. भलत्या वहीत शोधत बसू नका. दक्षिणेत कोर्टं जळण्याचा इतिहास मोठा आहे. स्पार्टाचं १८८३ चं कोर्टहाउस तर अगदी ऑगस्ट २०१४ मध्ये जळालं, मग त्याच धर्तीवर पुन्हा बांधलं. पण जुन्या वह्यांची मायक्रोफिल्म आधीच झालेली होती. ती मॉरो गावी राज्य अभिलेखागारात बघता येते, बरीचशी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या फुकट संकेतस्थळावरही आहे.

पणजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर आईचं नाव आहे. वडिलांच्या रकान्यात 'माहीत नाही'. १९०० च्या जनगणनेत ती आई सत्तरीची, मुलाच्या घरात राहतेय. त्या वर्षी प्रत्येक बाईला विचारलं होतं : मुलं किती झाली, हयात किती. तिच्यापुढे लिहिलंय ११ आणि ६.

१८९० ची जनगणना नाहीच, जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला आग लागली त्यात गेली. १८८० मध्ये माय-लेक सापडतात. १८७० मध्ये ती चाळिशीची, घरात चार मुलं : एक मुलगा पंधराचा, मुलगी बाराची, पणजोबा आठ वर्षांचे आणि एक धाकटं. घरात पुरुष नाही.

आणि तिथे भिंत. गुलामीतून सुटलेली माणसं नावानिशी लिहिली गेली ती पहिल्यांदा १८७० मध्येच. १८५० आणि १८६० ला त्यांची यादी वेगळी होती. वर मालकाचं नाव, खाली नुसतं वय, स्त्री की पुरुष, आणि रंग.

तर प्रश्न दोन. भिंतीपलीकडे कुणी गेलंय का? आणि ६२ एकरांचं काय होऊ शकतं? खरी नावं इथे लिहिणार नाही, सासूबाईंची तशी अट आहे.

पारावरचा_पक्या
जबरी धागा. आमच्याकडे कोल्हापूर साइडला हेळवी येतो. दारात बैल बांधतो, चोपडी सोडतो आणि बारा पिढ्या घडाघडा वाचतो, वर धान्य घेऊन जातो. तुमच्या सासरी असा कुणी नाही का?

ओंजळ
@पक्या, आहे की. सासूबाईंची मावशी, वय ९१. बैल नाही, बुटांचं खोकं आहे. त्यात काय आहे ते अजून बघू दिलेलं नाही.

कलम_चारशेवीस
जमिनीचं बोलतो. मी पुण्यात वकिली करतो, पण बहिणीच्या सासरच्या एका भानगडीत जॉर्जियाचा कायदा वाचावा लागला होता.

मृत्युपत्राविना उतरलेल्या जमिनीत सगळे वारस अविभक्त हिस्सेदार. कुणाच्या नावे अमुक बांध असं नसतं. त्यामुळे एक दशांश, एक शतांश, कितीही बारीक हिस्सा विकत घेणारा कोर्टात वाटपाचा दावा लावू शकतो. पूर्वी कोर्ट म्हणायचं, एवढे तुकडे पडत नाहीत, लिलाव करा. लिलावात रोख पैसे कुणाकडे? त्या कंपनीकडे. दक्षिणेतल्या काळ्या कुटुंबांच्या जमिनी अशा हजारोंनी गेल्या.

२०१० मध्ये यावर एक नमुना कायदा तयार झाला आणि जॉर्जियाने तो २०१२ लाच मंजूर केला. ही राज्यं मागास म्हणून हिणवली जातात, पण इथे ती बऱ्याच जणांच्या पुढे होती. आता कोर्टाला आधी मूल्यांकन करावं लागतं. ज्याने विक्री मागितली त्याचा हिस्सा ठरल्या किमतीत घ्यायचा पहिला हक्क बाकीच्या हिस्सेदारांना. तेही जमलं नाही तर शक्यतो जमिनीचीच वाटणी, आणि विकायचीच वेळ आली तर बाजारभावाने. म्हणून झाड महत्त्वाचं. हिस्सेदार कोण हे तुम्हालाच ठाऊक नसेल तर हा हक्क कोण वापरणार? अटलांटात 'जॉर्जिया हेअर्स प्रॉपर्टी लॉ सेंटर' नावाची संस्था हेच काम करते, त्यांच्याशी बोला.

आपल्याकडे १८९३ च्या वाटणी कायद्यातलं कलम ४ थोडंसं याच जातीचं आहे : एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेऊन वाटप मागितलं तर घरच्यांना तो विकत घेता येतो. पण ते घरापुरतं, शेताला नाही.

खडूस_काका
माहिती चांगली. पण स्पष्ट विचारतो, राग मानू नका. जमिनीसाठी १९०९ पुरे आहे. त्यामागे जाऊन गुलामगिरी कशाला उकरायची? सापडून सापडून सापडणार काय, दुःखच ना?

ओंजळ
@काका, राग नाही. हाच प्रश्न मी नवऱ्याला विचारला होता. तो म्हणाला, तुझ्या घरी पेशव्यांच्या काळापासूनची वंशावळ भिंतीवर फ्रेम करून लावलीय, तिला कुणी विचारतं का कशाला उकरलीत म्हणून?

खडूस_काका
बरोबर आहे तुमच्या यजमानांचं. गप बसतो.

जुना_डॉक्टर
१९७९ साली दक्षिण कॅरोलिनातल्या एका आडबाजूच्या काउंटीत आलो, कारण तिथे यायला कुणी डॉक्टर तयार नव्हता. आता निवृत्त. या लोकांच्या चार-चार पिढ्या तपासल्या आहेत, तेव्हा कागदांखेरीज काय बघायचं ते सांगतो.

पहिलं, फ्युनरल होम, म्हणजे अंत्यविधी करून देणारी पेढी. इथे मेल्यावरही गोऱ्यांचं वेगळं आणि काळ्यांचं वेगळं, बऱ्याच गावांत आजसुद्धा. काळ्यांचं फ्युनरल होम बहुधा एकाच घराण्याच्या हातात पिढ्यान् पिढ्या असतं. सरकारी दाखल्यावर जे नाही ते त्यांच्या वहीत असतं : खर्च कुणी दिला, फिलाडेल्फियाहून कोण आलं, कुठल्या चर्चच्या आवारात पुरलं.

दुसरं, अंत्यविधीची छापील पुस्तिका. फोटो, जन्म, आईबाप, भावंडं, कोण कुठल्या गावी आहे, सगळं. ओंजळताई, त्या मावशींच्या खोक्यात बहुतेक याच निघतील. जॉर्जियाच्या डिजिटल लायब्ररीनेही अशा पुष्कळ पुस्तिका स्कॅन करून ठेवल्या आहेत.

तिसरं, कबरी. दगड नसला म्हणून कबर नाही असं समजू नका. पाइनच्या रानात जमीन पूर्व-पश्चिम लांबट खचलेली दिसेल, उशाशी एखादा ओबडधोबड दगड, जवळ जुना सीडर नाहीतर युक्काचं झुडूप. कधी शिंपले, कधी फुटकी बशी. जानेवारीत जा. उन्हाळ्यात साप आणि गोचिडी, दोन्हींचे रुग्ण मी पाहिलेत.

आणि चर्चचा 'होमकमिंग'चा रविवार गाठा. शिकागो, डेट्रॉइट, फिलाडेल्फियाला गेलेले सगळे त्या दिवशी परत येतात. रिकाम्या हाताने जाऊ नये, पाउंड केक न्यावा. म्हाताऱ्या बाईला 'मिस' लावून पहिल्या नावाने हाक मारायची. वही आणि मोबाइल जेवण झाल्यावर काढायचा, आधी नाही.

वऱ्हाडी_ठेचा
थोडं अवांतर, पण राहवत नाही. हॅनकॉक म्हणजे कापसाचा पट्टा ना? १८६१ ला तिकडे यादवी पेटली, तुमच्या दक्षिणेची बंदरं अडली आणि मँचेस्टरवाले आमच्या वऱ्हाडाच्या अन् खानदेशाच्या कापसावर तुटून पडले. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ ला तिकडची लढाई थांबली आणि इकडे भाव कोसळून शेठलोक दिवाळखोर झाले. आमच्या पणजोबांच्या पिढीला त्या कापसाचं काहीतरी मिळालं असेलच. तो वेचणारी माणसं कोण होती, याचा विचार आज पहिल्यांदा केला.

ओंजळ
@ठेचा, अवांतर नाहीच. कापसाचीच गोष्ट आहे ही. पणजोबांनी जमीन घेतली तेव्हा कापसाला भाव बरा होता. १९१५ च्या सुमारास बोंडाचा भुंगा जॉर्जियात शिरला, आणि विसाच्या दशकात या पट्ट्यातली शेतं ओस पडली. सासूबाईंच्या चुलत्यांपैकी निम्मे तेव्हाच फिलाडेल्फियाला गेले. हिस्सा विकणारा भाऊ त्यातल्याच एकाचा नातू. जमीन त्याने डोळ्यांनी पाहिलेली नाही, त्यामुळे त्याला तरी किती दोष देणार.

मोडीवेडा
भिंतीपलीकडे जायची वाट आहे, पण ती मालकाच्या घरातून जाते. तुमच्या माणसांना शोधू नका, त्यांच्या मालकाला शोधा. माणसं मालमत्ता होती, म्हणजे ती मालमत्तेच्या कागदांत असणारच. मृत्युपत्र, मयताच्या इस्टेटीची यादी, वारसांतली वाटणी, मुलीच्या लग्नातलं बक्षीसपत्र, कर्जापोटीचं गहाणखत. जनगणनेने गाळलेली नावं याच कागदांत येतात, कारण गहाण ठेवताना किंवा वाटताना 'एक स्त्री, वय २५' एवढं पुरत नाही. कोणती, ते लिहावंच लागतं.

मालक कसा ओळखायचा? आडनावावर भिस्त ठेवू नका. काहींनी शेवटच्या मालकाचं घेतलं, काहींनी पहिल्याचं, काहींनी तिसऱ्याच कुणाचं. १८७० च्या पानावर तुमच्या घराच्या वर-खाली दहा-वीस घरं वाचा. त्यात जमीनवाला गोरा कोण? सुटका झाल्यावरची पहिली काही वर्षं बरेच जण त्याच शेतांवर किंवा शेजारी होते. मग त्याचा सासरा कोण, बाप कोण, ते कधी मेले ते बघा. १८५० आणि १८६० च्या बिननावी याद्यांत वयं जुळतात का ते पडताळा म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको.

शिवाय फ्रीडमेन्स ब्यूरोची दप्तरं. १८६५ मध्ये स्थापन झालेलं सरकारी खातं, १८७२ पर्यंत चाललं. शेतमालक आणि सुटलेले मजूर यांचे करार त्यात आहेत, खाली फुलीची सही. फ्रीडमन्स बँक वेगळी. ती १८७४ ला बुडाली, गरिबांच्या ठेवी घेऊन. पण तिच्या खातेदारांच्या नोंदीत आईबाप, भावंडं, कधी कधी जुना मालकसुद्धा लिहिलेला आहे.

आता गंमत ऐका. २०२४ पासून फॅमिलीसर्चवर हस्तलिखितांत शब्दाने शोधता येतं. यंत्र जुनं अक्षर वाचतं, आणि सुरुवातच त्यांनी अमेरिकेच्या जमिनीच्या आणि वारसाच्या वह्यांपासून केली. पूर्वी अशी वही पानन् पान उलटावी लागायची. खापरपणजीचं नाव जरा वेगळं असेल तर तेच टाकून काउंटीपुरतं शोधा. (मोडीला हे जमेल तेव्हा आमचा धंदा बसेल. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायची टूम निघाली तेव्हा कुठे चार लोक आम्हाला विचारायला लागले होते.)

पारावरचा_पक्या
+१. वाचनखूण साठवली. आमच्याकडे असली भानगड नाही, पण तरी साठवली.

चाफेकळी
मी जरा अवघड बाजूने लिहितेय. माझ्या नवऱ्याचं घराणं दक्षिण जॉर्जियातलं, गोरं. त्याच्या आजीच्या ट्रंकेत शेताच्या हिशेबाची वही निघाली, १८४० च्या दशकातली. कुणाला जोडे दिले, कुणाला घोंगडी दिली, कुणाचं मूल कधी जन्मलं. नावं नुसती पहिली. घरात दोन तट पडले. एक म्हणे जाळून टाका, दुसरा म्हणे लिलावात चांगली किंमत येईल. मी सून, मला बोलायचा अधिकार किती? तरी जेवताना म्हटलं, ही वही कुणाच्या तरी जन्माचा एकमेव दाखला असेल. दीर दोन दिवस बोलला नाही, मग त्यानेच स्कॅनर आणला. मूळ वही विद्यापीठाच्या संग्रहाला द्यायचं चाललंय.

मुद्दा हा की कोर्टात नसलेले कागद अशा ट्रंकांमध्ये आहेत. मालकाचं घराणं कळलं तर त्यांच्या वारसांना पत्र लिहा. दहातले आठ उत्तर देणार नाहीत.

खडूस_काका
गप बसतो म्हणालो होतो, पण चाफेकळीताई, तुमच्या दिरांना माझा नमस्कार सांगा. आपल्याकडे किती घरांतली दप्तरं बंबात गेली ते पाहिलंय.

जुना_डॉक्टर
हॅनकॉकचा विषय आहे म्हणून एक. कागद नेहमी घेण्याचंच काम करतो असं नाही. तिथे डेव्हिड डिक्सन नावाचा बडा शेतमालक होता. त्याला गुलाम स्त्रीपासून १८४९ ला झालेली मुलगी, अमांडा अमेरिका डिक्सन. १८८५ ला तो मेला आणि जवळजवळ सगळी इस्टेट तिच्या नावे करून गेला. गोरे नातेवाईक कोर्टात गेले. १८८७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मृत्युपत्र कायम केलं. ही मुलगी कशी झाली याची हकिकत मात्र सुखाची नाही. आई तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची होती. अमांडाची स्तुती करणारे हे वाक्य गाळतात.

ओंजळ
मंडळी, सापडलं.

मोडीवेडा म्हणाले तसं १८७० चं पान पुन्हा वाचलं. दोन घरं सोडून एक जमीनवाला. त्याची बायको कुणाची लेक ते लग्नाच्या वहीतून कळलं. तिचा बाप १८५७ ला वारलेला. मग खापरपणजीचं नाव टाकून शोध दिला. नाव खरोखरच त्या भागात विरळा आहे, ते नशीब. तिसऱ्या निकालात इस्टेटीची यादी उघडली.

लांब पान, दोन रकाने, वस्तू आणि किंमत. वरच्या ओळीत एक तांबडी घोडी. खालच्या ओळीत डुकरांचा एक कळप. मधल्या ओळीत ती : नाव आणि 'तिची चार मुलं', चौघांची नावं, पाचही जणांची मिळून एक रक्कम. दोघी मोठ्या मुली, मग एक मुलगा, मग मांडीवरचं मूल. मुलाचं आणि तान्ह्या मुलीचं नाव १८७० च्या घरातल्या पंधरा आणि बारा वर्षांच्या मुलांशी तंतोतंत जुळतं.

पुढे चारेक पानांनी, जानेवारी १८५८, वाटणी. चिठ्ठ्या टाकून हिस्से पाडलेत. दुसऱ्या हिश्श्यात ती आणि दोन धाकटी, हा हिस्सा मालकाच्या लेकीकडे, म्हणजे पुढच्या त्या शेजारणीकडे. दोघी मोठ्या मुली, नऊ आणि सात वर्षांच्या, चौथ्या हिश्श्यात. तो मालकाच्या मुलाकडे गेला. मुलाच्या नावापुढे लिहिलंय : राहणार मेकन काउंटी, अलाबामा. हिस्से समसमान व्हावेत म्हणून चौथ्याकडून दुसऱ्याला चाळीस डॉलर परत.

सासूबाईंनी आयपॅडवर पान मोठं करून सावकाश वाचलं. म्हणाल्या, लिहिणाऱ्याचं अक्षर सुरेख आहे. मग म्हणाल्या, दोन प्रती छापून आण, एक मावशीला.

मावशीने खोकं उघडलं. पुस्तिका आहेतच, डॉक्टरसाहेब. शिवाय नवऱ्याच्या एका खापरचुलत आजोबांच्या पहिल्या महायुद्धातल्या लष्करभरतीच्या कार्डाची प्रत. ५ जून १९१७ चं कार्ड, डाव्या हाताचा खालचा कोपरा फाडलेला. मला वाटलं जुनं झालं म्हणून फाटलं. नवऱ्याने दाखवलं, त्या कोपऱ्यावर छापलेलंच असायचं : माणूस आफ्रिकी वंशाचा असल्यास हा कोपरा फाडावा. म्हणजे कार्डांचा गठ्ठा नुसता चाळला तरी कळावं.

आता प्रश्न त्या दोन मुलींचा. अलाबामाचं कुणी आहे का?

मोडीवेडा
वा! एक सुचवतो. ही यादी आणि वाटणी दोन्हींचा पूर्ण संदर्भ, वही आणि पान, आजच लिहून ठेवा. स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

हंट्सव्हिलवाली
आहे, मी आहे! हंट्सव्हिलला नोकरी, फावल्या वेळात इथल्या कबरस्तानांच्या नोंदी करते. आधी तुमच्या ११ आणि ६ वर या. त्यात मोठा दुवा आहे.

१९०० मध्ये तिची सहा मुलं हयात. त्यातली हॅनकॉकमध्ये तुम्हाला किती सापडतात?

ओंजळ
तीन. पणजोबा, १८७० मधली बारा वर्षांची मुलगी (तेव्हा लग्न होऊन जवळच), आणि धाकटं भावंड. पंधरा वर्षांचा मुलगा १८८० नंतर दिसत नाही. मावशीच्या म्हणण्याप्रमाणे तो झाड पडून मेला.

हंट्सव्हिलवाली
मग उरलेली तीन जिवंत आहेत हे तिला कुठून ठाऊक? १८५८ ला ताटातूट झाली, त्यानंतर बेचाळीस वर्षं. ज्यांचा ठावठिकाणा कळला नाही त्यांना ती बहुधा जिवंत धरणार नाही. म्हणजे निदान कुणाची तरी खबर तिच्यापर्यंत पोचली होती. पत्र असेल, चर्चमधून निरोप असेल, कुणी येऊन गेलं असेल. अर्थात गणनेवाल्याला उत्तर सून देते की शेजारीण, ते आपल्याला माहीत नाही, तेव्हा पुरावा म्हणून नाही, दिशा म्हणून धरा.

'माहिती हवी' अशा जाहिराती माहीत आहेत ना? सुटलेले लोक आपली विकली गेलेली माणसं शोधायला वर्तमानपत्रात देत. न्यू ऑर्लीन्सच्या 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट'मध्ये 'लॉस्ट फ्रेंड्स' नावाचं सदरच होतं, पाळक ते रविवारी चर्चमध्ये वाचून दाखवत. 'मला जॉर्जियात अमक्याने वाटून घेतलं, आईचं नाव अमुक, धाकटा भाऊ तमुक' अशा चालीच्या. त्या आता ऑनलाइन शोधता येतात. आईच्या नावाने शोधा, आणि मालकाच्या आडनावानेही.

अलाबामात बघायच्या गोष्टी. १८६६ ची राज्य जनगणना, तिच्यात काळ्या कुटुंबप्रमुखांची नावं आहेत. १८६७ ची मतदार नोंदणी, पण ती पुरुषांचीच, म्हणून जावई सापडल्यावर. मग १८७० आणि १८८० मध्ये मेकन काउंटीत त्या नावाच्या, साधारण त्या वयाच्या, आणि जन्मस्थान 'जॉर्जिया' लिहिलेल्या बायका. लग्नानंतरची आडनावं आपल्याला माहीत नाहीत, म्हणून पहिल्या नावाने आणि जन्मस्थानानेच चाळावं लागेल. काम कंटाळवाणं आहे. पण अलाबामात मृत्यूची नोंद १९०८ पासून आहे. मुलगी साठीपर्यंत जगली असेल तर दाखला मिळेल, आणि दाखल्यावर आईच्या नावाचा रकाना असतो. तेच विरळा नाव तिथे आलं की झालं.

चाफेकळी
आणि डीएनए? सासूबाईंनी दिलाय का?

ओंजळ
दिलाय. अलाबामाशी जुळणारे आठ-दहा जण आहेत, दूरचे. एक तर डेट्रॉइटचे गृहस्थ आहेत, त्यांच्या झाडात शेवटचं गाव टस्कीगी. म्हणजे मेकन काउंटीच. त्यांचंही झाड १८७० ला थांबतं.

पारावरचा_पक्या
अरे बापरे. अंगावर काटा आला. विचारा की त्यांना!

कलम_चारशेवीस
सावकाश. रक्त जुळलं म्हणजे नातं कुठल्या बाजूने ते ठरत नाही. आणि ओंजळताई, १८५८ ला गेलेल्या मुलींच्या वंशजांचा १९०९ च्या जमिनीत हिस्सा नाही, कारण जमीन त्यांच्या भावाने घेतली आणि त्याला स्वतःची मुलं होती. हे निरोपात आधीच स्पष्ट करा, नाहीतर लोकांना वाटतं जमिनीसाठी फोन आलाय, किंवा जमीन मिळतेय म्हणून फोन आलाय. जमिनीचं झाड कुठवर आलं?

ओंजळ
४३ हयात वारस, पैकी ३१ जणांचे कागद पूर्ण. कंपनीने अजून दावा लावलेला नाही. हिस्सा परत विकत घ्यायला पैसे जमवायचं सासूबाईंनी होमकमिंगला जाहीर केलं, केक मी केला होता. नारळाचा. संपला.

डेट्रॉइटच्या गृहस्थांना निरोप धाडला. जमिनीचं काही नाही हे पहिल्याच वाक्यात लिहिलं, आभार वकीलसाहेब. त्यांचं उत्तर आलंय : आजीची आजी 'जॉर्जियाहून आणलेली' एवढंच घरात बोललं जायचं, बहीणही बरोबर होती. आजीच्या आजीचं जे नाव ते सांगतात, ते चौथ्या हिश्श्यातल्या धाकट्या मुलीचं आहे. पण नाव फार सर्रास आहे, म्हणून अजून उड्या मारत नाहीये.

हंट्सव्हिलवाली
मारू नकाच. तिचा मृत्यू कधीचा?

ओंजळ
१९१४ च्या आसपास, टस्कीगीजवळ, असं ते म्हणतात. दाखला त्यांनी कधी काढलेला नाही.

हंट्सव्हिलवाली
मग १९०८ नंतरचा आहे, असायला हवा. पुढच्या आठवड्यात मला कामानिमित्त मॉन्टगोमेरीला जायचंच आहे, राज्य अभिलेखागार कॅपिटलच्या, म्हणजे राज्याच्या विधानभवनाच्या, समोर आहे. तिचं लग्नानंतरचं आडनाव, नवऱ्याचं नाव आणि त्यांना आठवतंय ते चर्च, एवढं व्यनिमध्ये (खासगी निरोपात) पाठवा. आणि त्या गृहस्थांना विचारा, बहिणीचं नाव कुणाला आठवतं का. दोन्ही नावं जुळली तर गोष्ट वेगळी.

ओंजळ
व्यनि केलाय. बहिणीचं त्यांच्या काकूंना विचारून सांगतो म्हणालेत, काकू रविवारीच फोन उचलतात.